सावली लावणाऱ्याचा खर्च कोणी उचलावा?

रमजानचा महिना जवळ आला की आपल्या घराघरांत जकातीचा हिशेब सुरू होतो. दागिने तोलले जातात, दुकानातील माल मोजला जातो, येणे-देणे मांडले जाते आणि शेवटी प्रश्न उरतो तो रक्कम कोणाला द्यावी याचा. या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. शेजारची विधवा, नात्यातील आजारी माणूस, मदरशातील मुले, दारी येणारा गरजू. या यादीत चूक काहीच नाही. परंतु अलीकडे या यादीच्या दाराशी एक नवा अर्जदार उभा राहू लागला आहे, आणि त्याला आत घ्यावे की नाही याविषयी आपला निर्णय होत नाही. हा अर्जदार म्हणजे पदवी घेतलेला, पुढे शिकू इच्छिणारा आणि त्यासाठी पैसा नसलेला तरुण किंवा तरुणी.

प्रश्न नेमका कळावा म्हणून एक उदाहरण समोर ठेवू. वऱ्हाडात हिवरखेड नावाची गावे एकाहून अधिक आहेत. मोर्शी तालुक्यात एक आहे. येथे अभिप्रेत आहे ते अकोला जिल्ह्यातील, तेल्हारा तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याचे हिवरखेड. समजा, तेथील एका अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलीने आर्किटेक्चरची पाच वर्षांची पदवी पूर्ण केली आहे आणि तिला आता लँडस्केप आर्किटेक्चर, म्हणजे भूदृश्यरचना, या विषयात दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे. घरात पैसा नाही. बँक कर्ज देण्यास तयार आहे, पण व्याजाने. नातेवाईक म्हणतात, झाडे लावायला पदवी कशाला हवी? मशिदीतील जाणते लोक म्हणतात, व्याज हराम आहे. जकात देणारे म्हणतात, आमची जकात गरिबांसाठी आहे, हौशीसाठी नाही. प्रत्येकाच्या बोलण्यात काही तथ्य आहे. पण सगळ्यांचे बोलणे एकत्र केले तर त्या मुलीसाठी एकही दार उघडे राहत नाही. असे होत असेल तर आपल्या विचारात कोठेतरी एखादी कडी सुटली आहे, असे समजले पाहिजे. ती कडी शोधणे हा या लेखाचा हेतू आहे.

हे ज्ञान लाभदायक आहे काय?

पहिला आक्षेप ज्ञानाच्या उपयुक्ततेविषयी आहे आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण पैगंबर मुहम्मद (स.) यांनी लाभ न देणाऱ्या ज्ञानापासून अल्लाहचा आश्रय मागितला आहे. तेव्हा एखाद्या विद्येला लाभदायक म्हणण्यापूर्वी ती कोणाला आणि काय लाभ देते, हे पाहावेच लागते.

भूदृश्यरचना म्हणजे केवळ बागेत फुलझाडांचे वाफे आखणे नव्हे. पावसाचे पाणी कोठून उतरते, कोठे थांबते आणि कोठे वाया जाते. कोणत्या मातीत कोणते झाड तग धरते. शाळेच्या, दवाखान्याच्या, कब्रस्तानाच्या किंवा बाजाराच्या मोकळ्या जागेत सावली, वाट आणि निचरा कसा असावा. रस्ता, रेल्वे किंवा धरण आल्यावर तेथील जंगल, ओढे आणि माणसे यांची घडी कशी बसवावी, या सर्वांचा अभ्यास त्यात येतो.

हिवरखेडच्या माणसाला हे समजावून सांगण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. गावाच्या नावातच हिवर आहे, कोरड्या रानात टिकून राहणारे काटेरी झाड. उत्तरेस सातपुडा आणि मेळघाटचे अरण्य आहे. दक्षिणेस, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्टा पसरला आहे, जेथे विहिरीचे पाणी ना पिकाला मानवते ना माणसाला. वान नदीवर वारी येथे हनुमान सागर धरण आहे. त्याचे पाणी शेताला किती द्यावे आणि दूरच्या गावांना व शहरांना पिण्यासाठी किती न्यावे, यावरून तालुक्यात वाद झडलेले आहेत. अकोला–खंडवा या जुन्या मीटरगेज रेल्वेमार्गाच्या रुंदीकरणात तो मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून न्यावा की बाहेरून हिवरखेड, सोनाळा, जामोदमार्गे वळवावा, हा प्रश्नही याच भूमीवर उभा राहिला. याच पट्ट्यातील पानपिंपरीचे पीक सावलीशिवाय वाढत नाही, हे येथील शेतकरी कोणत्याही पदवीविना जाणतो. पाणी, सावली, जंगल आणि वाट हे ज्या भूमीचे रोजचे प्रश्न आहेत, तेथे त्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्याला हौशी म्हणता येणार नाही.

इस्लामी शिकवणीत तर या कामाला फार वरचे स्थान आहे. बुखारी व मुस्लिम यांनी नोंदविलेल्या हदीसचा आशय सर्वांना ठाऊक आहे. एखाद्या मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे किंवा पेरलेल्या पिकाचे फळ माणसाने, पक्ष्याने अथवा जनावराने खाल्ले तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका म्हणून लिहिले जाते. कयामतची घडी येऊन ठेपली आणि हातात रोप असेल, तरी शक्य असल्यास ते लावून टाकावे, असाही आदेश हदीसमध्ये आढळतो. इमाम गज्जाली (रह.) यांनी ‘इह्या’मध्ये वैद्यक आणि गणित यांच्याबरोबर शेती, विणकाम यांसारखे मूलभूत व्यवसायही फर्ज-ए-किफायात मोजले आहेत. म्हणजे ही कामे समाजात कोणीच केली नाहीत तर सारा समाज दोषी ठरतो. पाणी व भूमी यांची निगा राखण्याचे शास्त्र याच मालिकेत बसते.

आपला इतिहासही हेच सांगतो. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या प्रारंभी आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या खडकीत, नहरीने पाणी आणले. त्याच शहरात अठराव्या शतकात, १७४४ च्या सुमारास, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की उभी राहिली. डोंगरातील पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणून त्याच्या जोरावर जाते फिरवले जाई आणि तेथे राहणाऱ्या साधकांसाठी व यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. आपल्या काळात दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये हा विषय शिकविणारे प्रा. मोहम्मद शहीर यांनी हुमायूनच्या मकबऱ्याशेजारील सुंदर नर्सरीचा आराखडा केला. ९० एकरांचे ते उद्यान २०१८ मध्ये लोकांसाठी खुले झाले, तेव्हा ते हयात नव्हते. २०१५ मध्येच त्यांचे निधन झाले होते. ज्याने आखले तो नाही आणि सावलीत हजारो अनोळखी माणसे बसली आहेत. सदका-ए-जारिया या शब्दाचा अर्थ याहून वेगळा काय असतो? आपल्या समाजात तर बागवान नावाची एक संपूर्ण बिरादरी आहे. बाग राखणे हा ज्यांच्या नावाचाच अर्थ आहे, त्यांच्या मुलांनी बागेचे शास्त्र शिकणे हे नवल नव्हे, तो त्यांचा वारसा आहे.

अर्थात या विद्येचा दुसराही उपयोग होतो. टँकरने पाणी येणाऱ्या शहरात श्रीमंतांच्या बंगल्यांपुढे हिरवळीचे गालिचे अंथरण्यासाठीही हीच पदवी वापरता येते. कुरआनने उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे बंधू म्हटले आहे, आणि पाण्याची उधळपट्टी त्यात सर्वांत आधी मोजली पाहिजे. परंतु हा दोष विद्येचा नव्हे, तिच्या वापराचा आहे. वैद्यक शिकूनही माणूस लुबाडणूक करू शकतो. म्हणून वैद्यक शिकणाऱ्याला आपण मदत नाकारत नाही, त्याच्या नियतीसाठी दुआ करतो आणि त्याला त्याच्या जबाबदारीची आठवण देतो.

जकात : विधवा की विद्यार्थी?

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. जकातीची रक्कम मर्यादित असते. ती विद्यार्थ्याला दिली तर विधवेच्या वाट्यातून जाते. हा आक्षेप घेणारा माणूस कंजूष नसतो. त्याला अल्लाहपुढे उत्तर देण्याची भीती असते. म्हणून त्याचे समाधान भावनेने होणार नाही, नियमाने झाले पाहिजे.

सूरह अत्‌-तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत विद्यार्थी हा स्वतंत्र वर्ग नाही. तेव्हा विद्यार्थ्याला जकात मिळते ती त्याच्या अभ्यासक्रमामुळे नव्हे, तर तो फकीर किंवा मिसकीन असल्यामुळे, अथवा कर्जात बुडालेला असल्यामुळे. इमाम नववी (रह.) यांनी असे मत मांडले आहे की, कमाई करू शकणारा माणूस जर धर्मविद्येच्या अभ्यासात गुंतला असेल आणि कमाईमुळे ते शिक्षण खंडित होणार असेल तर त्याला जकात घेता येते. नजीकच्या काळातील काही विद्वानांनी हाच विचार समाजाला आवश्यक असणाऱ्या इतर विद्यांनाही लागू केला आहे. हनफी मताप्रमाणे पाहावयाचे ते मुख्यतः एवढेच की, मूलभूत गरजा व कर्ज वजा जाता त्याच्याकडे निसाबाइतकी, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीची मालमत्ता आहे की नाही.

या नियमातून काही व्यावहारिक गोष्टी निघतात आणि त्या आपल्याकडे फारशा लक्षात घेतल्या जात नाहीत. मुलगा किंवा मुलगी प्रौढ असेल तर हनफी मतानुसार हिशेब त्यांच्या स्वतःच्या मालकीचा होतो. वडील खाऊनपिऊन सुखी आहेत एवढ्याने प्रौढ संतती अपात्र होत नाही. उलट, मुलीच्या स्वतःच्या मालकीचे सोने निसाबाच्या किमतीला पोहोचत असेल तर वडील गरीब असूनही ती जकात घेऊ शकत नाही. अभ्यासाची पुस्तके आणि ज्यावर नकाशे काढावयाचे तो संगणक या व्यवसायाच्या गरजेच्या वस्तू आहेत. त्यांची किंमत निसाबात धरली जात नाही. सय्यद घराण्यातील विद्यार्थ्याला जकात चालत नाही, त्याला इतर निधीतून साहाय्य करावे लागते. आणि जकात द्यावयाची ती विद्यार्थ्याच्या मालकीत द्यावी, अथवा त्याच्या संमतीने त्याच्या वतीने शुल्क भरावे. संस्थेच्या इमारतीसाठी दिलेली रक्कम ही त्या विद्यार्थ्याला दिलेली जकात होत नाही.

मग विधवेचे काय? येथे एक क्रम मान्य केला पाहिजे. भूक, आजार आणि निवारा यांचा हक्क शिक्षणाच्या आधी येतो. ज्या वस्तीत एखाद्या घरी चूल पेटत नाही, त्या वस्तीच्या जकातीतून दोन वर्षांचे संपूर्ण शुल्क काढून देणे न्यायाचे होणार नाही. विद्यार्थी पात्र असेल तर जकातीतून त्याच्या जेवणाचा, खोलीभाड्याचा आणि तातडीचा खर्च भागवावा. शिक्षणाचा मोठा भार मात्र जकातीवर टाकू नये. तो सदका, कर्ज-ए-हसना आणि वक्फ यांनी उचलावा. आपली खरी अडचण येथेच आहे. अडीच टक्के दिले की आपले देणे संपले, असे आपण गृहीत धरले आहे. जकात ही दानाची किमान मर्यादा होती. आपण तिलाच कमाल मर्यादा करून टाकले. त्यामुळे विधवा आणि विद्यार्थी यांना एकाच छोट्या ताटाभोवती एकमेकांविरुद्ध उभे राहावे लागते. ही स्पर्धा शरीअतने निर्माण केलेली नाही, आपल्या हात आखडण्याने निर्माण झाली आहे.

पैगंबर (स.) यांच्या काळातील एक प्रसंग या संदर्भात उद्बोधक आहे. प्रिय वस्तू खर्च केल्याशिवाय नेकी साधत नाही, या अर्थाची आयत उतरली तेव्हा ह. अबू तल्हा (रजि.) यांनी आपली सर्वांत आवडती बैरुहा नावाची बाग अल्लाहच्या मार्गात देऊन टाकली. पैगंबर (स.) यांनी ती आप्तांमध्ये वाटण्याचा सल्ला दिला. ती जकात नव्हती. हिशेबाने देय असलेल्या रकमेपलीकडे जाऊन, आपल्या आवडीच्या वस्तूतून आणि आपल्याच माणसांपासून सुरुवात करून दिलेले ते दान होते. आपल्या भावाची हुशार मुलगी शुल्काअभावी घरी बसली असताना आपण दूरच्या संस्थेची पावती फाडत असू, तर या प्रसंगाचा पुन्हा विचार करावा.

व्याज आणि विद्यार्थ्याची कोंडी

आता सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळू. व्याजाविषयी कुरआनची भूमिका इतकी स्पष्ट आहे की तिला मऊ करण्याचा प्रयत्न कोणी करू नये. म्हणून विद्यार्थ्याने सर्वप्रथम व्याजाविना उघडणारी दारे ठोठावली पाहिजेत. ती दारे वाटतात त्याहून अधिक आहेत.

गेट परीक्षेत आर्किटेक्चर व प्लॅनिंगचा स्वतंत्र पेपर असतो. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरसारख्या केंद्रीय संस्थेत गेटच्या आधारे प्रवेश मिळालेल्यांना पदव्युत्तर शिष्यवृत्ती म्हणून दरमहा १२,४०० रुपये मिळत आले आहेत. २४ महिन्यांचा हिशेब केला तर ही रक्कम २,९७,६०० रुपये होते, आणि ती परत करावयाची नसते. महाराष्ट्रात महाडीबीटीच्या माध्यमातून अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी उच्च व व्यावसायिक शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क २०२४–२५ पासून राज्य शासनाने पूर्ण माफ केले आहे. आपल्यातील बागवान, मोमीन यांसारख्या अनेक बिरादऱ्या इतर मागासवर्गात येतात. पण जातीचा दाखला आणि पडताळणी वेळेवर न केल्यामुळे हा हक्क हातचा जातो. पुण्याच्या डॉ. भानुबेन नानावटी महिला आर्किटेक्चर महाविद्यालयात हा विषय पदव्युत्तर स्तरावर शिकविला जातो, ही माहितीही मुलींच्या पालकांनी लक्षात ठेवावी. प्रत्येक योजनेच्या अटी संस्थेनुसार व वर्षानुसार बदलतात, म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीच त्या तपासाव्यात.

काही दारे बंदही झाली आहेत. अल्पसंख्याक संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाचा भार उचलणारी पढो परदेस योजना या दोन्ही २०२२–२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी थांबविण्यात आल्या. त्यांची पुनःस्थापना व्हावी ही मागणी रास्त आहे. पण तिची वाट पाहत विद्यार्थ्याचे वय थांबत नाही.

आणि एक गोष्ट आपल्याला अंतर्मुख करणारी आहे. मुंबईतील के. सी. महिंद्रा ट्रस्ट परदेशातील पदव्युत्तर शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देतो. नरोत्तम सेखसरिया फाउंडेशनही पदव्युत्तर शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज देते, आणि आर्किटेक्चर त्यांच्या विषयांत समाविष्ट आहे. ही कर्जे सर्व धर्मांच्या गुणवंतांसाठी आहेत. ज्याला आपण कर्ज-ए-हसना म्हणतो, ज्याचे पुण्य आपण प्रवचनांतून ऐकतो, ते हे देशबांधव प्रत्यक्ष करीत आहेत. त्यांच्याविषयी कृतज्ञता बाळगावी, आणि आपल्या तालुक्यात असा एकही निधी का नाही, हा प्रश्नही स्वतःला विचारावा. जेद्दाह येथील इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेने १९८३ पासून सदस्य नसलेल्या देशांतील मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी चालविलेल्या योजनेची कल्पनाही अशीच होती. विद्यार्थ्याला बिनव्याजी कर्ज मिळावे आणि त्याने केलेली परतफेड त्याच्या समाजाच्या निधीत जमा होऊन पुढच्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडावी.

एवढे करूनही रक्कम अपुरी पडली तर? मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ तीन टक्क्यांच्या दराने शैक्षणिक कर्ज देते. प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत, जी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झाली, निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना तारणाविना कर्ज मिळते आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या कुटुंबांसाठी दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात तीन टक्के व्याजाची सूट असते. ही कर्जे चालतील काय?

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. कर्ज देण्याच्या व्यवस्थेवर होणारा प्रत्यक्ष खर्च वसूल करणे वेगळे आणि कर्जाच्या रकमेवर काळानुसार वाढणारी रक्कम घेणे वेगळे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८६ मध्ये असा निर्णय दिला की, कर्जावरील सेवाशुल्क हे प्रत्यक्ष खर्चाच्या मर्यादेत असेल तर वैध आहे आणि त्याहून अधिक घेतलेले सारे व्याज आहे. तेव्हा केवळ दर कमी आहे म्हणून एखादी रक्कम सेवाशुल्क ठरत नाही. तीन टक्के असोत वा पाच, कसोटी खर्चाची आहे. तसेच व्याजाचा काही भाग शासन भरते म्हणून करार व्याजमुक्त होत नाही, एवढेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. दुसऱ्या बाजूस फिक्हमध्ये निकडीचा, म्हणजे जरूरतचा, नियम आहे, आणि तीव्र गरज काही वेळा निकडीचे स्थान घेते हे तत्त्वही आहे. उच्च शिक्षण या कक्षेत येते की नाही, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. ज्याच्यावर असा प्रसंग येईल त्याने आपली पूर्ण परिस्थिती विश्वासू आलिमांपुढे ठेवून निर्णय घ्यावा. या लेखातून त्याला फतवा देणे योग्य होणार नाही.

परंतु एक नैतिक गोष्ट निःसंकोचपणे सांगता येते. सूरह अल्‌-बकरामध्ये व्याजाच्या निषेधाची वचने २७५ व्या आयतीपासून सुरू होतात. त्याआधीचा विस्तृत भाग, २६१ व्या आयतीपासून, अल्लाहच्या मार्गात खर्च करण्याविषयी आहे. निषेधानंतर लगेच, २८० व्या आयतीत, अडचणीतील ऋणकोला सवलत देण्याचा आणि जमल्यास कर्ज सोडून देण्याचा उपदेश आहे. आणि २८२ व्या आयतीत कर्ज लिहून ठेवण्याची व साक्षीदार घेण्याची सविस्तर आज्ञा आहे. म्हणजे आधी दान, मग व्याजबंदी, मग सवलत, मग लेखी व्यवहार, असा हा एक अखंड विचार आहे. आपण त्यातून एकच वाक्य उचलले, व्याज हराम आहे, आणि ते विद्यार्थ्याला ऐकविले. मागील आणि पुढील आयती ज्यांना उद्देशून आहेत ते आपण स्वतः आहोत, हे मात्र विसरलो. सुरुवातीला म्हटलेली सुटलेली कडी ती हीच. व्याजाला हराम म्हणण्याचा अधिकार शरीअतने दिला आहे, पण बिनव्याजी कर्ज देण्याचे कर्तव्य त्याच श्वासात सांगितले आहे. जो समाज पहिले करतो आणि दुसरे टाळतो, तो आपल्या मुलांना दोनच पर्याय देतो, एकतर पाप किंवा अज्ञान. त्या मुलीने उद्या नाइलाजाने व्याजी कर्जावर सही केली, तर त्या सहीचा हिशेब केवळ तिच्याकडून मागितला जाईल, असे समजून आपण निश्चिंत राहू शकतो काय?

एका गावाने काय करावे?

यासाठी मोठ्या संस्थेची गरज नाही. वीस घरांनी दरमहा ५०० रुपये बाजूला ठेवले तर महिन्याला १०,००० आणि दोन वर्षांत २,४०,००० रुपये जमतात. हा निधी जकातीपासून पूर्णपणे वेगळा ठेवावा, कारण जकात कर्ज म्हणून फिरविण्याविषयी अनेक विद्वानांचा आक्षेप आहे. अल्‌-बकराच्या त्याच आयतींतून या निधीची नियमावली तयार होते. व्यवहार लेखी असावा, साक्षीदार असावेत, परतफेडीचा कालावधी ठरलेला असावा, नोकरी मिळाली नाही तर मुदतवाढ द्यावी, मृत्यू वा गंभीर आजार आल्यास कर्ज माफ करावे. निवड करताना मुलगा-मुलगी, बिरादरी किंवा ओळख पाहू नये. अर्जदाराचे नाव जुम्याच्या नमाजनंतर जाहीर करून त्याला लाजवू नये. दान देऊन उपकार बोलून दाखविणे आणि मन दुखावणे यामुळे दान वाया जाते, हेही कुरआनचेच शिक्षण आहे. आणि शिकून गावातच परत ये, अशी अट घालू नये. कर्ज हे कर्ज आहे, ते गुलामीचे बंधन नव्हे.

घेणाऱ्याचीही जबाबदारी तितकीच जड आहे. कर्ज ठेवून मरण पावलेल्या माणसाच्या जनाज्याची नमाज पढविण्यास पैगंबर (स.) थांबले आणि ह. अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतल्यावरच पुढे आले, हा प्रसंग प्रत्येक विद्यार्थ्याने स्मरणात ठेवावा. समाजाचा पैसा आहे, मागणारे कोणी नाही, असे समजून परतफेड टाळणारा माणूस आपल्यामागे रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलाचे शिक्षण खातो. ज्ञानाची परतफेड याहूनही वेगळी असते. ज्याने पाण्याचे आणि सावलीचे शास्त्र समाजाच्या मदतीने शिकले, त्याने एखाद्या उघड्या-बोडक्या कब्रस्तानाचा, ईदगाहचा किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानाचा आराखडा विनामूल्य करून द्यावा. त्या सावलीत बसणारा माणूस मुस्लिम आहे की हिंदू, हे झाड विचारत नाही.

आणि शेवटी वक्फ. ह. उमर (रजि.) यांना खैबरची उत्तम जमीन मिळाली तेव्हा पैगंबर (स.) यांच्या सल्ल्याने त्यांनी मूळ जमीन राखून तिचे उत्पन्न गरजूंसाठी लावून दिले. पाणचक्कीचा उल्लेख वर आला आहे. आपल्या राज्याच्या वक्फ मंडळाचे कार्यालय याच पाणचक्कीच्या परिसरात आहे. ज्या जागी कोणा एका पिढीने डोंगरातून पाणी आणून दुसऱ्या पिढ्यांच्या भाकरीची सोय केली, त्याच जागी आज वक्फ जमिनींच्या वादांच्या फायली हाताळल्या जातात. वक्फ जमिनीचे अतिक्रमण हटावे, हिशेब चोख व्हावा आणि तिच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा शिक्षणासाठी राखला जावा, ही मागणी प्रत्येक गावाने लावून धरली पाहिजे. पण मंडळाकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या मालकीच्या एका दुकानगाळ्याचे, एका एकराचे किंवा दहा संत्र्यांच्या झाडांचे उत्पन्न आपण कोणासाठी लावून दिले आहे काय, हेही पाहावे.

माणूस मेल्यावर त्याची कृत्ये थांबतात. चालू राहतात त्या तीन गोष्टी, असे हदीस सांगते : अखंड चालणारे दान, लाभ देणारे ज्ञान आणि दुआ करणारी नेक संतती. एका गरजू विद्यार्थ्याला भूमी आणि पाणी यांची विद्या शिकण्यास मदत करणाऱ्याला यातील पहिल्या दोन गोष्टी एकाच वेळी साधण्याची संधी मिळते. आणि तो विद्यार्थी त्याच्यासाठी दुआ करणार नाही, असे कसे म्हणावे?

अल्लाह आपल्या मुलामुलींना लाभदायक ज्ञान देवो, त्यांना व्याजाच्या आणि लाचारीच्या ओझ्यापासून सुरक्षित ठेवो आणि आपल्याला त्यांचे ओझे वाटून घेणारे हात बनवो. आमीन.